शिवसागराच्या तळाचा प्राणवायू

कोयना म्हटलं की धरण, वीज आणि भूकंप. पाटण तालुक्यावर लिहा म्हणताना संपादकांच्या मनातही हेच होतं. १०३ मीटर उंचीचं धरण, शिवसागर जलाशयातला १०५ टीएमसीचा साठा, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची ती काळी पहाट. हे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. मला त्या साठ्याच्या पाण्याची परीक्षा कशी होते ते बघायचं होतं, आणि सगळं लक्ष गेलं एका काचेच्या बाटलीकडे.

बाटली ३०० मिलीची, घासलेल्या काचेच्या बुचाची. तिच्यात पाणी खळखळ ओतून चालत नाही. एक बुडबुडा अडकला तरी बाहेरची हवा मिसळते आणि पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा खोटा येतो. म्हणून नळी तळाला टेकवून पाणी हळूहळू चढू द्यायचं, काठोकाठ भरल्यावरही थोडा वेळ वाहू द्यायचं. मग तिथल्या तिथे, जलाशयावरची लाँच हलत असतानाच, मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड सोडायचं, बूच दाबायचं आणि बाटली उलटसुलट करायची. खाली बसणारा साका तपकिरी झाला तर पाण्यात प्राणवायू आहे. पांढराच राहिला तर नाही. पुढे आम्लाने साका विरघळतो. प्रयोगशाळेत थायोसल्फेट थेंबाथेंबाने पडतं, स्टार्चने आलेला निळा रंग एका थेंबाला पार नाहीसा होतो. तो थेंब ज्याला नेमका धरता येतो, तो खरा परीक्षक.

हंगेरीच्या लायोश विंकलर यांनी १८८८ मध्ये ही पद्धत मांडली. आता पाण्यात सोडायचे सेन्सर आले, पण त्यांची खातरजमा करायला आजही हीच बाटली वापरतात.

कोयनेचं पाणी मुळात चांगलं. कोयना, सोळशी, कांदाटी या नद्या जंगलातून उतरतात, पाऊस धो धो पडतो, वरच्या अंगाला मोठे कारखाने नाहीत. १९८५ पासून काठाच्या बऱ्याच जंगलाला अभयारण्याचं संरक्षण आहे. पण जलाशयाकाठच्या तापोळा, बामणोलीला पर्यटक वाढले, काठावर रिसॉर्ट उभे राहिले, वरच्या डोंगरांवर स्ट्रॉबेरीला खतं पडतात, आणि आता नवीन महाबळेश्वर या गिरिस्थान प्रकल्पाचं घाटतं आहे. सांडपाणी आणि खत यांच्यातलं नत्र, स्फुरद शेवटी उताराने धरणातच येणार.

खोल जलाशयाची गोम अशी की तो आधी तळाशी बिघडतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड पाणी त्याच्यात मिसळत नाही. वरून मेलेलं शेवाळ खाली जाऊन कुजतं आणि खालचा प्राणवायू संपवतं. तो संपला की गाळात बसलेलं स्फुरद, लोह, मँगनीज पुन्हा पाण्यात उतरतं, आणि त्या स्फुरदावर शेवाळ आणखी माजतं. काठावरून भरलेली बाटली यातलं काहीच सांगत नाही. वर पाणी नितळ आणि प्राणवायू भरपूर. तळाची अवस्था कळायला जलाशयाच्या मध्यावर, निरनिराळ्या खोलीवर, वर्षानुवर्षं त्याच जागी नमुने घ्यावे लागतात. पावसात लाटा उठतात, उन्हाळ्यात पाणी मागे हटून काठचा चिखल उघडा पडतो. काम कंटाळवाणं आहे, आणि एक हंगाम चुकला की तो आकडा पुन्हा मिळत नाही.

हे पाणी पोफळीच्या वीजघरात उतरून वाशिष्ठीला मिळतं, आणि इकडे कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला. दोन्हीकडची माणसं ते पितात. तेव्हा जलसंपदा विभागाला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एकच मागणं आहे: तळाच्या पाण्यातला प्राणवायू दर महिन्याला मोजा, आणि तो आकडा तापोळा, बामणोली, हेळवाक इथल्या ग्रामपंचायतींच्या फलकावर लावा.