पेंग्विन चामोर्शीत कधी आला?

महाशिवरात्रीला मार्कंडादेवच्या जत्रेत वैनगंगेच्या वाळूवर जी गर्दी लोटते, तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात लिनक्स असतं. चामोर्शीच्या बाजारात हे वाक्य कुणाला ऐकवलं तर तो आधी हसेल. लिनक्स ही पेंग्विनचं चिन्ह मिरवणारी संगणकप्रणाली म्हणजे काळ्या पडद्यावर आज्ञा बडवणाऱ्या इंजिनिअरांचं प्रकरण, ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोरांच्या गेमचा शौक आणि हातात मावणारा संगणक म्हणजे परवापरवा आलेली चैन, एवढ्यावर बहुतेकांचं ज्ञान संपतं. तिन्ही समजुती चुकीच्या आहेत. त्या इतक्या पक्क्या कशा झाल्या हे पाहायचं तर चाळीसेक वर्षं मागे जावं लागतं आणि सुरुवात करावी लागते ती ग्राफिक्स कार्डापासूनच.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचं विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला आणि चामोर्शी तालुका नव्या जिल्ह्यात गेला. आयबीएमचा पीसी तेव्हा जेमतेम वर्षाचा होता आणि त्याला मराठीचा गंधही नव्हता. त्याच्यावरच्या डॉस प्रणालीचा पडदा म्हणजे ८० रकाने आणि २५ ओळींची जाळी, एका घरात एक अक्षर. इंग्रजीचं त्यात छान भागायचं. आता त्याच जाळीत ‘चामोर्शी’ बसवून पाहा. शेवटच्या घरात श, त्याची दीर्घ वेलांटी आणि डोक्यावर रफार. शिवाय तो रफार उच्चारात श च्या आधी येतो आणि कागदावर त्याच्या माथ्यावर बसतो. एवढी उठाठेव त्या पडद्याला जमणं शक्यच नव्हतं.

तोड निघाली ती कानपूरच्या आयआयटीत. तिथे सुरू झालेलं काम १९८८ मध्ये पुण्याला, नव्याने उभ्या राहिलेल्या सी-डॅकमध्ये आलं आणि ‘जिस्ट कार्ड’ म्हणून बाजारात गेलं. संगणक उघडायचा, आतल्या खाचेत हे कार्ड बसवायचं, की डीबेस आणि वर्डस्टारसारखी इंग्रजी सॉफ्टवेअर देवनागरीत चालू लागत. जिस्ट या आद्याक्षरांतला ‘जी’ ग्राफिक्सचा. अक्षरांचे आकार आणि जोडाक्षरांचे नियम कार्डातच ठेवलेले होते. तेव्हा ग्राफिक्स कार्ड गेमसाठी असतं म्हणणाऱ्याला सांगायला हरकत नाही, की मराठी कारकुनाच्या टेबलावर ते गेमच्या कितीतरी आधी पोचलं होतं, तेही याद्या आणि पत्रं छापायला.

त्या कार्डाने एक समजूतही मागे ठेवली. मराठीसाठी संगणकात काहीतरी वेगळं, विकतचं बसवावं लागतं, ही ती समजूत. विंडोज आलं, कार्ड गेलं. त्याच्या जागी फॉन्टचे संच आले आणि काही संचांसोबत संगणकाच्या मागे खोचायचं डाँगल. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची सांकेतिक मांडणी निराळी. गडचिरोलीत टंकलेली फाइल चंद्रपुरात उघडली की मजकुराच्या जागी चिन्हांचा कचरा. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा होती आणि विंडोज २००० पासून ती सोय संगणकातच येऊ लागली, तरी सरकारी पत्रांत आजही ‘युनिकोड फॉन्टमध्ये टंकावे’ असं वाचायला मिळतं. युनिकोड हा फॉन्टच नव्हे. कोणत्या अक्षराचा क्रमांक कोणता, याची ती जगभर मान्य झालेली यादी आहे. अक्षराचा चेहरा कसा असावा हे ठरवतो तो फॉन्ट. त्या यादीतही मराठीला आपला हिशेब नंतर चुकता करून घ्यावा लागला. ‘ॲ’ला स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. ‘दुसऱ्या’मधला पापणीसारखा र हिंदीत लागत नाही, म्हणून अनेक फॉन्टांत ‘दुसर्या’ असं भलतंच उमटत राहिलं.

इथे लिनक्सवाल्यांचं एक श्रेय चुकवून चालणार नाही. २००४ मध्ये रेड हॅटने ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट कुणीही घ्यावेत, बदलावेत, वाटावेत अशा परवान्याखाली खुले केले. ‘फुकट आहे, म्हणजे कुणीतरी हौसेखातर केलेलं’ हा लिनक्सबद्दलचा आणखी एक गैरसमज. लिनक्सच्या गाभ्यातला बराच मोठा भाग बड्या कंपन्यांचे पगारी अभियंते लिहितात. वापरणाऱ्याला फुकट मिळतं म्हणून लिहिणारा उपाशी असतो असं नाही.

मग संगणक म्हणजे विंडोज, हे समीकरण कुठून आलं? २००१ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्या-तालुक्यांत वर्ग निघाले. खेड्यातल्या मुलामुलींचा हात माऊसवर पहिल्यांदा पडला तो या वर्गांत; नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागतं म्हणून का होईना, लाखो लोक शिकले. हे काम लहान नव्हतं. पण शिकवलं गेलं ते विंडोज आणि ऑफिस, आणि ‘स्टार्ट’ बटण हाच संगणकाचा उंबरठा ठरला. केरळने शाळांसाठी वेगळी वाट धरली आणि तिथली मुलं लिनक्सवरच संगणक शिकली. सी-डॅकने जानेवारी २००७ मध्ये ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्सप्रणाली काढली. आपल्याकडे तिची दखल फारशी कुणी घेतली नाही.

त्याच २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराट या आदिवासी वाडीत एक प्रयोग सुरू झाला. एकशिक्षकी शाळा, विशीच्या आसपास मुलं आणि प्रत्येकाच्या हातात हिरवा-पांढरा, दोन कान उभारलेला छोटा लॅपटॉप. ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या जागतिक मोहिमेचा हा भारतातला पहिलावहिला प्रयोग. आत ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि लिनक्स. पहिली ते चौथीच्या मुलांना त्यात फोटो काढायला, चित्रं रंगवायला, आवाज भरायला कुठलीही आज्ञा टंकावी लागत नव्हती. लिनक्स अवघड असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हातातल्या संगणकाची गोष्ट तर याहून जुनी. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्राध्यापक आणि एन्कोअर ही कंपनी यांनी २००१ मध्ये ‘सिंप्युटर’ लोकांपुढे आणला. अक्षर न येणाऱ्यालाही वापरता यावा असा, स्मार्ट कार्ड वाचणारा, तळहातावरचा संगणक, आणि चालायचा लिनक्सवर. २००४ मध्ये त्याचं ‘अमिडा’ हे रूप ९,९५० रुपयांपासून विक्रीला आलं. यंत्र झटक्याने कलतं केलं की पान उलटे; आयफोन यायला अजून तीन वर्षं होती. तरी सिंप्युटर खपला नाही. त्याच्या अपयशाचं खापर लिनक्सवर फोडणारे पुष्कळ निघाले, पण दहा हजारांत लोकांना बोलायला फोन हवा होता आणि सिंप्युटर मुळात फोन म्हणून घडवलेलाच नव्हता.

पुढे ५ ऑक्टोबर २०११ रोजी ‘आकाश’ हा स्वस्त अँड्रॉइड टॅब्लेट आला. ३६६ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी, बोट दाबून धरल्याशिवाय न उमगणारा पडदा. लोक वैतागले आणि ‘स्वस्तातलं अँड्रॉइड असंच’ म्हणू लागले. वर्षभरात आलेल्या दुसऱ्या आकाशात १ गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर आणि दुप्पट मेमरी होती, प्रणाली त्याच कुळातली, आणि तो बऱ्यापैकी पळायचा. दोष चिपचा होता.

चामोर्शीत मात्र हातातला संगणक टॅब्लेटच्या रूपात आला नाही. तो आला एसटीच्या वाहकाच्या गळ्यात. तिकिटांची पत्र्याची पेटी आणि पंचची टिकटिक जाऊन २०१०च्या आसपास हातातलं तिकीट यंत्र आलं. प्रोसेसर, मेमरी, बॅटरी, छपाई, सगळं त्यात. पण त्याला संगणक म्हणायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण त्याला टीव्हीसारखी पेटी नव्हती. रेशन दुकानात अंगठा घेणारं यंत्र, वनहक्काच्या दाव्यासाठी शेताच्या कडेकडेने फिरवलेलं जीपीएस यंत्र, हीसुद्धा त्याच जातीची. मग अँड्रॉइड फोन आले आणि त्यांच्यासोबत लिनक्सचा गाभा घरोघर गेला. २०१७ चा बटणांचा जिओफोनही काय-ओएसवर चालायचा आणि त्याच्याही पोटात लिनक्सच. पेंग्विन चामोर्शीत कधी आला, याचं उत्तर असं आहे, की तो आल्याचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

जीपीएसबद्दल मात्र थोडं थांबायला हवं, कारण जंगलपट्ट्यात तो गैरसमज महागात पडतो. ‘नेटवर्क नाही, म्हणजे जीपीएस चालणार नाही’ असं सर्रास बोललं जातं. टॉवर पोचत नाही तिथेही जीपीएस चालतं. फोन फक्त उपग्रहांचे संदेश ऐकत असतो. इंटरनेट लागतं ते मागचा नकाशा उतरवायला. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संदेशांत मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे शंभर मीटरचा फरक पडे. ती मिसळ बंद झाली आणि अचूकता एकदम वाढली. पण ‘जीपीएसने मोजलंय, म्हणजे रेघ काटेकोर’ हेही खरं नाही. पावसाळ्यात सागाची पानं दाटली की संदेश अडतो, उसळतो आणि बिंदू काही मीटर सरकतो. एक-दोन एकरांच्या दाव्यात काही मीटर म्हणजे बांधाच्या अलीकडचं की पलीकडचं, हा प्रश्न असतो.

वनरक्षकांना हे सगळं पाठ असतं. चामोर्शी तालुक्यातल्या चपराळा अभयारण्यापासून चंद्रपूरच्या ताडोबापर्यंत पूर्वी वाघ मोजायचा तो पाऊलखुणेवर काच ठेवून, ठसा गिरवून. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ आणि जंगलात शून्य, असं २००५ मध्ये उघड झालं आणि ती पद्धत मोडीत निघाली. २००६ पासून कॅमेरे लागले. २०१८ च्या गणनेत एम-स्ट्राइप्स हे ॲप बीटगार्डांच्या हाती आलं. चाललेली वाट, दिसलेली विष्ठा, झाडावरचा ओरखडा, सारं फोनमध्ये जागच्या जागी नोंदवायचं आणि नाक्यावर परतल्यावर वर पाठवायचं.

त्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बसले आणि ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ छायाचित्रं निघाली. त्यातली वाघांची किती? ७६,६५१. उरलेल्यात चितळ, रानडुक्कर, गाई-म्हशी, सरपण आणायला निघालेल्या बाया आणि वाऱ्याने हललेलं गवत. हा ढीग माणसांनी उपसायचा तर वर्षं गेली असती. तो निवडायला कॅट्रॅट नावाचं कृत्रिम बुद्धिमत्तेचं सॉफ्टवेअर वापरलं गेलं, आणि असल्या सॉफ्टवेअरला प्राणी ओळखायला शिकवण्याचं काम सहसा ग्राफिक्स कार्डांवरच चालतं.

ते का, हे तेंदूपत्त्याच्या हंगामात गडचिरोलीतल्या कुठल्याही गावात दिसतं. संगणकाचा मुख्य प्रोसेसर म्हणजे चारदोन हुशार कारभारी. हिशेब, तंटा, पत्र, काहीही सोपवा. ग्राफिक्स कार्ड म्हणजे सकाळी पानं तोडून आणून सावलीला बसलेलं अख्खं गाव. प्रत्येकाचं काम एकच: ७० पानं मोजायची, पुडकं बांधायचं, पुढचं घ्यायचं. हजार पुडक्यांचं पोतं कारभाऱ्याच्या एकट्या हाताने कधी भरायचं? पडद्यावरचे लाखो ठिपके रंगवणं हे असंच सोपं आणि अफाट काम आणि फोटोतल्या ठिपक्यांवरून वाघ ओळखायच्या गणितातही तीच गुणाकार-बेरीज कोट्यवधी वेळा करायची असते. २००७ पासून एनव्हिडियाने आपल्या कार्डांवर असली गणितं करायची वाट सर्वांना खुली केली. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक अशाच ग्राफिक्स प्रोसेसरांच्या ४२ यंत्रसंचांचा बनलेला आहे. नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत तो ६३ वा होता. आणि त्या यादीतले पाचशेच्या पाचशे महासंगणक २०१७ पासून लिनक्सवर चालतात. चामोर्शीत ज्याला ‘इंजिनिअरांचं प्रकरण’ म्हणतात, ते हेच.

दुकानात मात्र अजून ‘किती जीबीचं कार्ड?’ हाच प्रश्न चालतो. जीबी म्हणजे कार्डाच्या अंगणाचा ऐसपैसपणा. कामकऱ्यांची संख्या आणि चपळाई त्यावरून कळत नाही. चार जीबीचं जुनं कार्ड दोन जीबीच्या नव्यापुढे सहज मार खाऊ शकतं. आणि सातबारा काढायला, अर्ज भरायला, मराठी टंकायला वेगळं कार्ड लागतच नाही; प्रोसेसरच्या पोटातली सोय पुरते. संगणक रखडत असेल तर दोष बहुतेक वेळा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो, आणि कार्डाच्या निम्म्याहून कमी पैशांत एसएसडी बसवली की तोच संगणक धावू लागतो.

लिनक्सभक्तांचेही भ्रम आहेत, ते झाकून ठेवायचं कारण नाही. ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हा त्यातला मोठा. २०२४ मध्ये लग्नपत्रिकेच्या नावाखाली व्हॉट्सॲपवरून एपीके फाइली फिरल्या. दाबणाऱ्यांची बँक खाती रिकामी झाली. तो फटका अँड्रॉइडवरच बसला. ‘लिनक्सवर गेम चालत नाहीत’ हे एकेकाळी बरंचसं खरं होतं, पण २०२२ मध्ये अमेरिकेत ‘स्टीम डेक’ आला: हातात धरायचा, चांगला ग्राफिक्स प्रोसेसर पोटात घेतलेला आणि लिनक्सवर चालणारा गेमचा संगणक. विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम त्यावर चालतात.

चामोर्शीच्या फ्लेक्सवाल्याला मात्र कुणी लिनक्सवर जायला सांगू नये. त्याचं कोरलड्रॉ तिथे धड चालणार नाही आणि वीस वर्षांत साठवलेल्या त्याच्या जुन्या फॉन्टांतल्या फाइली युनिकोडच्या जगात उघडल्या तर कचराच दिसेल. गिऱ्हाईक वाढदिवसाच्या शुभेच्छांचा मजकूर फोनवर टंकून पाठवतं. फ्लेक्सवाला तो वाचतो, जुन्या फॉन्टात पुन्हा पहिल्यापासून टंकतो आणि छपाईला सोडण्याआधी त्याचा फोटो गिऱ्हाइकाला धाडतो, कारण ‘चामोर्शी’वरचा रफार मधेच मो वर जाऊन बसलेला असतो.