तोल सांभाळा, पाऊल सांभाळा



गळीत हंगामात दारणा, कादवा आणि गोदाकाठच्या फडांत आपण नेहमी पाहतो, की ऊसतोड करणारे बाया-गडी डोक्यावर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढतात. फळी लवते, पण माणूस पडत नाही. आपण बांधावरून चालतो तेव्हा हीच कसरत करतो. सवयीमुळे ती ध्यानात येत नाही, एवढेच.

चालताना दर पावलाला शरीर पुढे कलते आणि पुढचा पाय त्याला झेलतो. एक पाय टेकल्यापासून तोच पुन्हा टेकेपर्यंत जो वेळ जातो, त्यात तो सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. म्हणजे बराच वेळ सारा भार एकाच पायावर! डोक्यावर ओझे असले की थोडे कलले तरी तोल जातो. म्हणून मोळीवाला मान ताठ ठेवतो अन् पावले आखूड टाकतो.

तोलाचे तीन राखणदार

पहिला राखणदार डोळे, दुसरा कानाच्या आतला भाग आणि तिसरा तळपाय व सांध्यांतली जाणीव. एक राखणदार झोपला तर बाकीचे दोघे निभावून नेतात, आणि म्हणूनच दुखणे लपून राहते. जुन्या मधुमेहात तळपाय बधिर होतात. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले तरी तसेच होते. दिवसा माणूस डोळ्यांच्या भरवशावर नीट चालतो. पण रात्री पाणी भरायला निघाला, ओल्या वरंब्यावर पाय पडला, की धडपडतो. तोंड धुताना डोळे मिटताच झोक जातो. एकोणिसाव्या शतकात रॉम्बर्ग या जर्मन डॉक्टरांनी हीच खूण सांगितली. पाय जुळवून, डोळे मिटून उभे केले की असा रोगी डुलतो. डॉक्टर आजही ही परीक्षा घेतात. घरी एकट्याने करू नये.

चाल ओळखा

अर्धांगवायूनंतर पाय अर्धवर्तुळात फिरवून टाकला जातो. कंपवातात पावले आखूड होतात, हात हलत नाहीत. पाऊल लुळे पडले तर गुडघा उंच उचलून पाय आपटला जातो. तोल बिघडलेला माणूस पाय फाकवून चालतो. पोलिओने मांडी दुबळी झालेला माणूस गुडघ्यावर हात दाबून चालतो. भारत २०१४ साली पोलिओमुक्त जाहीर झाला. पण आधीच्या पिढीतली ही माणसे आपल्या गावांत आहेत.

घरातल्या वडीलधाऱ्यांची चाल बदलली, तर "आता वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. म्हातारपणी पडल्याने खुब्याचे हाड मोडले, की धडधाकट माणूस अंथरुणाला खिळतो.

एवढे जरूर करा

मधुमेह असेल तर रोज तळपाय पाहा, शेतात अनवाणी जाऊ नका. रात्री मोटारीवर जाताना बॅटरी न्या. न्हाणीघर निसरडे ठेवू नका. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. आपल्याकडे अनेकजण उलटेच करतात. विरुद्ध हाताने दुखऱ्या खुब्यावरचा भार हलका होतो. आणि चाल अचानक बिघडली, तोंड वाकडे झाले किंवा हातातले बळ गेले, तर उद्यावर न टाकता तडक रुग्णालय गाठा.

उसाच्या टनेजइतकीच काळजी घरच्या माणसांच्या पावलांची घ्या, एवढीच आमची विनंती.