काळ्या कातळात कार्बन मुरतो कसा?

सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजेच बेसॉल्ट, शहरवासीयांना ठाऊक असतो तो खडीपुरता. हाच दगड पिठासारखा दळून शेतात पसरला, तर हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी होतो. पावसाच्या पाण्यात हा वायू विरघळून सौम्य आम्ल बनते. त्याची कातळातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी प्रक्रिया होते आणि कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात नद्यांमार्गे समुद्रात जाऊन हजारो वर्षे तेथेच राहतो. निसर्गातील ही संथ झीज दळल्याने वेग घेते, इतकेच.

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात सलग चार वर्षे हेक्टरी ५० टन भुकटी टाकण्यात आली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मका व सोयाबीनचे उत्पादन १२ ते १६ टक्क्यांनी वाढले. चार वर्षांत हेक्टरी सुमारे साडेदहा टन वायू शोषला गेल्याचा अंदाज आहे. दगड मात्र लागला २०० टन! दळण-वाहतुकीचे उत्सर्जन वेगळेच. खाण शेताजवळ हवी, ती यासाठी.

भारतातील छोट्या शेतकऱ्यांसोबत हा प्रयोग करणाऱ्या ‘माटी कार्बन’ने २०२५ मध्ये एक्सप्राइज स्पर्धेचे पाच कोटी डॉलरचे पारितोषिक पटकावले. असे प्रकल्प चालतात ते कार्बन क्रेडिटच्या विक्रीवर, आणि खरी मेख तिथेच आहे. नत्रयुक्त खतांपासून बनणाऱ्या तीव्र आम्लानेही दगड विरघळतो, पण तेव्हा कार्बन पकडला जात नाही. म्हणून किती दगड विरघळला, एवढे मोजून भागत नाही.

जमिनीचा प्रकारही पाहावा लागतो. याच कातळाच्या झिजेतून बनलेली दख्खनची काळी जमीन बहुधा अल्कधर्मी असते. तेथे भुकटी सावकाश विरघळते. कोकणातील आम्लधर्मी जांभ्या जमिनीत तिला अधिक वाव आहे.