ऋणकोचा राग आणि खात्याचा हिशेब

क्रेडिट कार्डाचे देणे थकविणारे लोक दोन प्रकारचे असतात. एकाजवळ पैसेच नसतात. दुसऱ्याजवळ थोडेफार असतात, परंतु तो संतापून म्हणतो, "या बँकेला यापुढे एक पैही देणार नाही." हा संताप अगदीच निराधार असतो असे नाही. न मागितलेले कार्ड घरी येते, न समजणारे आकार खात्यावर चढतात, वसुली करणाऱ्यांचे दूरध्वनी नातलगांपर्यंत पोहोचतात. आणि त्याच सुमारास बड्या कारखानदारांची कर्जे बँकांनी निर्लेखित केल्याची बातमी वाचावयास मिळते. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, तेथेही वसुलीचा हक्क कायम राहतो, हे त्या वेळी कोणी सांगत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या मनुष्याचा निश्चय कितपत शहाणपणाचा आहे, हे ठरविण्यास महाराष्ट्राचा इतिहास चांगला उपयोगी पडतो.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी कुळांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. हे लोण लवकरच पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेला कापसाचा भाव युद्ध संपताच कोसळला होता, त्यात सरकारने जमिनीचा सारा वाढविला होता, आणि कुळे कर्जात बुडाली होती. त्या दंग्यातील लक्षणीय गोष्ट अशी की, लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर फारसा नव्हता. कर्जरोखे, खतपत्रे व न्यायालयाचे हुकूमनामे बाहेर काढावेत आणि जाळून टाकावेत, एवढाच बहुतेक ठिकाणी त्यांचा हेतू होता. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदात आपले मरण लिहिलेले आहे, ही त्यांची समजूत होती.

कागद जळाले, पण कायद्याच्या दृष्टीने देणे जळाले नाही. शेकडो लोक मात्र पकडले गेले. खरा उपाय झाला तो चार वर्षांनी. सरकारने नेमलेल्या चौकशी मंडळाचा अहवाल आला आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खनच्या शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. कुळाने अंगठा उठविलेला रोखा हाच अखेरचा शब्द न मानता, देवघेव पहिल्यापासून तपासून खरे देणे किती ते न्यायाधीशाने ठरवावे, असे या कायद्याने सांगितले. व्याज मुद्दलाहून अधिक देववू नये, हा दामदुपटीचा जुना नियमही त्यात आला. कुळास पावती व हिशेबाची नक्कल मागण्याचा हक्क मिळाला. जाळलेल्या कागदापेक्षा उघडलेला कागद अधिक उपयोगी ठरला.

परभणी जिल्हा त्या वेळी निजामाच्या राज्यात असल्यामुळे हा कायदा तेथे लागू नव्हता. पुढे शंभराहून अधिक वर्षांनी, फेब्रुवारी १९८४ मध्ये, शेतकरी संघटनेचे अधिवेशन परभणीस भरले. शरद जोशी यांच्या या संघटनेचा सिद्धांत असा होता की, सरकारी धोरण शेतमालाचे भाव उत्पादनखर्चाच्या खाली दडपून ठेविते, म्हणून शेतकऱ्याच्या डोक्यावरील कर्ज हे त्याचे खरे देणेच नव्हे. यासाठीच संघटनेने 'कर्जमाफी' हा शब्द टाकून 'कर्जमुक्ती' हा शब्द धरिला. माफी अपराध्याने मागावयाची असते. हा सिद्धांत कोणास पटो वा न पटो, त्यामागील नकार हा उघड, सामुदायिक आणि कारणे देऊन केलेला होता. १९९० साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांची दहा हजार रुपयांपर्यंतची कर्जे माफ केली, आणि महाराष्ट्र सरकारनेही २०१७ व २०१९ साली कर्जमाफीच्या योजना जाहीर केल्या. क्रेडिट कार्डाचे देणे मात्र अशा कोणत्याही योजनेत बसत नाही.

येथे एक कटू गोष्ट ध्यानात घेणे अवश्य आहे. सावकाराच्या व्याजाचा हिशेब न्यायालयाने उघडावा असे १८७९ च्या कायद्याने म्हटले होते. बँकांच्या बाबतीत याच्या उलट तरतूद १९८४ सालीच अमलात आली. बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१-अ सांगते की, व्याज भारी आहे एवढ्याच कारणावरून बँकेशी झालेला व्यवहार न्यायालयाने पुन्हा उघडू नये. कार्डावर दरसाल शेकडा ३० हून अधिक व्याज घेणे अनुचित आहे, असा निवाडा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणून "व्याज अन्यायाचे आहे, सबब देत नाही" हा बचाव न्यायालयात टिकणे कठीण.

रुसून बसण्याची किंमत किती पडते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहावे. ५०,००० रुपयांचे देणे आणि दरमहा शेकडा ३.५ व्याज धरले, तर महिन्याचे व्याज १,७५० रुपये होते, आणि त्यावर शेकडा १८ प्रमाणे ३१५ रुपये कर. चक्रवाढ व दंड मुळीच न धरताही वर्षाअखेर हा बोजा २४,७८० रुपयांनी वाढतो. थकबाकीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जाते आणि वर्षानुवर्षे राहते. मग घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागताना तीच नोंद आड येते. बँकेच्या ताळेबंदात ही रक्कम नगण्य असते. शिक्षा होते ती रागावणाऱ्याच्याच कुटुंबास.

याचा अर्थ मुकाट्याने सारे सोसावे असा नाही. केवळ कर्ज न फेडणे हा फौजदारी गुन्हा नव्हे, हे धमकी ऐकणाऱ्याने जाणून असावे. वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजाविले. त्याच वर्षीच्या निर्देशांनी न मागितलेले कार्ड देण्यास मनाई केली, आणि अशा कार्डाबद्दल आकारणी केल्यास ती परत करून वर तिच्या दुप्पट दंड द्यावा असे ठरविले. तक्रार प्रथम बँकेकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क पडत नाही.

मात्र त्यासाठी आधी खाते उघडून पाहिले पाहिजे. कोणती खरेदी आपली, कोणती नव्हे. कोणता आकार करारात आहे, कोणता नाही. हे वेगळे काढावे. जे आपले आहे ते मान्य करून फेडण्याचे हप्ते मागावेत. जे आपले नाही त्यावर लेखी हरकत घ्यावी. एकरकमी तडजोड करावयाची असल्यास, पतनोंदीत ती पूर्ण परतफेड म्हणून लिहिली जात नाही हे जाणून करावी, आणि अटी कागदावर घेतल्याखेरीज पैसा देऊ नये.

सुप्याच्या कुळांना अक्षरओळख नव्हती, म्हणून त्यांनी कागद पेटविला. आजच्या सुशिक्षित ऋणकोस तो कागद वाचता येतो, आणि न वाचता फेकून देण्यास त्याच्याजवळ तसे कारणही नाही.