कुकी नावाचा बिल्ला

कुकी म्हटलं की आपल्याला आधी चहाबरोबरचं बिस्कीट आठवतं. संगणकातली कुकी मात्र ब्राउझरच्या पोटात जाऊन बसते. कुठलीही साइट उघडा, ‘ॲक्सेप्ट ऑल कुकीज’ अशी पट्टी वर येते आणि माशी हाकलावी तशी आपण ती हाकलून देतो. आमच्या वर्गात विचारून पाहिलं तर बहुतेकांचं उत्तर, "व्हायरससारखं काहीतरी असतं रे!" तसं ते मुळीच नाही.

कुकी म्हणजे साधा मजकूर. सर्व्हर तो पाठवतो, ब्राउझर जपून ठेवतो आणि त्या साइटकडे पुन्हा काही मागताना परत दाखवतो. याची गरज का पडली? वेब ज्या एचटीटीपीवर चालतं त्याला स्मरणशक्तीच नाही. एक पान दिलं की सर्व्हर तुम्हाला विसरला. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली याने त्यावर हा तोडगा काढला. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, अगदी तसाच. चपला सांभाळणारा तुमचा चेहरा बघत नाही. जो बिल्ला आणेल त्याच्या हातात चपला! लॉगिन करताना पासवर्ड एकदाच तपासला जातो, पुढचं सगळं काम या बिल्ल्यावर चालतं.

आणि धोकाही तिथेच आहे. बिल्ला दुसऱ्याच्या हाती लागला तर पासवर्ड कितीही अवघड असो, ओटीपी लावलेला असो, ती तपासणी आधीच होऊन गेलेली असते. मार्च २०२३ मध्ये कॅनडातल्या ‘लायनस टेक टिप्स’ या प्रचंड लोकप्रिय यूट्यूब चॅनेलचा ताबा चोरांनी असाच घेतला. एका कर्मचाऱ्याने ई-मेलमधून आलेली फाइल उघडली आणि आत लपलेल्या प्रोग्रॅमने ब्राउझरमधले लॉगिनचे बिल्ले पळवले. पासवर्डची गरजच पडली नाही. हॉस्टेलवर पेनड्राइव्हमधून फिरणारी ‘क्रॅक’ केलेली सॉफ्टवेअर आणि गेम यांच्या पोटातूनही असले प्रोग्रॅम येतात, हे जाता जाता सांगून ठेवतो. ऐकणार कोण, ते सोडा.

पण त्यासाठी कॅनडाला जायला नको. मी भाट्येहून पूल ओलांडून कॉलेजला येतो. फॉर्म भरायच्या दिवसांत शहरातल्या झेरॉक्सच्या दुकानांत ही गर्दी असते. कागद स्वतःलाच मेल करायचे, दुकानातल्या संगणकावर मेल उघडायचा, प्रिंट निघाली की पैसे देऊन पळायचं. गेल्या पावसाळ्यात माझा नंबर आला तेव्हा आधीच्या मुलीचा मेल उघडाच होता. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान, सगळं ओळीने! मी साइन आउट केलं. दुसरा कोणी असता तर? बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंकसुद्धा त्याच मेलवर येणार.

फुली दाबली की आपण बाहेर पडलो, असं बऱ्याच जणांना वाटतं. फुलीने खिडकी मिटते, पण बिल्ला बहुतेक वेळा तिथेच राहतो. लॉग आउट केल्यावर मात्र चांगली साइट तो बिल्लाच रद्द करते. परक्या संगणकावर इन्कॉग्निटो खिडकीतच काम करावं. अशा सगळ्या खिडक्या बंद केल्या की त्यांतल्या कुकी पुसल्या जातात. (इन्कॉग्निटोमुळे कॉलेजच्या नेटवर्कवाल्यांनाही काही कळत नाही, ही मात्र हॉस्टेलवरची अफवा.) आणि लॉग आउट राहूनच गेलं, तर आपल्या मोबाइलवर गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात डिव्हाइसची यादी असते. तिथून त्या दुकानातलं खातं बंद करता येतं.

दुसरा प्रकार कमी धोक्याचा, पण चिकट. समजा, रविवारी तुम्ही मारुती मंदिरला बूट पाहिलेत, मांडवीला भेळ खाल्लीत आणि संध्याकाळी भाट्येच्या वाळूत येऊन बसलात. तिन्ही ठिकाणी एकच माणूस वही घेऊन उभा! आणि भाट्येला येऊन तो कानात सांगतो, "ते बूट घ्यायचे राहिले ना?" थर्ड-पार्टी कुकी म्हणजे हीच वही. वेगवेगळ्या साइटवर एकाच जाहिरात कंपनीचा तुकडा बसवलेला असतो, म्हणून तिला तुम्ही सगळीकडे ओळखू येता. सफारीने मार्च २०२० मध्ये या कुकी पूर्ण बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. गूगलने जानेवारी २०२० मध्ये "दोन वर्षांत बंद करू" म्हटलं, तारखा पुढे ढकलल्या आणि शेवटी एप्रिल २०२५ मध्ये आहे तसंच चालू ठेवायचं ठरवलं. जाहिरातीवर जगणाऱ्या कंपनीकडून दुसरं काय होणार! तेव्हा क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे थर्ड-पार्टी कुकीज, असं जाऊन त्या आपणच बंद करायच्या. मी केल्या आहेत, माझं नेहमीचं काही अडलेलं नाही. एखादी साइट रुसलीच तर तिच्यापुरती सूट देता येते.

सगळ्याच कुकी रोज पुसत बसू नका, दर वेळी लॉगिन करून कंटाळाल. ते घरच्या संगणकाला लागूही नाही. लॅबमध्ये मात्र जरूर हवं. सगळ्या खिडक्या बंद होताच साइटचा डेटा पुसला जावा, अशी सोय क्रोमच्या सेटिंग्जमध्येच आहे. लॅब असिस्टंट सरांनी पुढच्या सत्राआधी प्रत्येक मशीनवर ती चालू करून द्यावी, ही विनंती. मदतीला आम्ही दोघे-तिघे शनिवारी यायला तयार आहोत.