पाळी माणसालाच का?

कुत्रीला रक्तस्राव होतो, पण ती पाळी नव्हे. तो बीजांड सुटण्याआधीचा, माजाचा स्राव. खरी मासिक पाळी सस्तन प्राण्यांत दुर्मीळच आहे. माणूस, वानरे, बरीचशी माकडे, काही वटवाघळे, एलिफंट श्रू आणि काटेरी उंदराची एक जात, एवढ्यांतच ती आढळते.

बहुतेक प्राण्यांत गर्भ येऊन टेकला, की मगच गर्भाशयाचे अस्तर त्याच्यासाठी बदलू लागते. बाईचे शरीर मात्र वाट पाहत नाही. बीजांड सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि गर्भ असो-नसो, अस्तर जाड, रक्ताने भरलेले होते. गर्भ रुजला नाही तर साधारण दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन घसरते, अस्तराच्या नागमोडी रक्तवाहिन्या आकसतात आणि वरचा थर गळून पडतो. एका पाळीत रक्त जाते ते साधारण ३० ते ४० मिलिलिटर. वाटते त्यापेक्षा बरेच कमी.

ही आगाऊ तयारी कशासाठी? शुक्राणूंबरोबर आलेले जंतू धुऊन काढण्यासाठी, असे संशोधक मार्गी प्रोफेट यांनी १९९३ मध्ये मांडले. कल्पना आकर्षक होती, पण पुरावा तोकडा पडला. आज अधिक पटणारे उत्तर वेगळे आहे. मानवी गर्भ अस्तरात खोल घुसतो आणि त्याची वार थेट आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचते. अशा हावऱ्या पाहुण्याला आवर घालायला आणि सदोष गर्भ वेळीच ओळखायला अस्तर आधीच सज्ज असलेले बरे. या मताप्रमाणे पाळी हा मूळ हेतू नाहीच, त्या सज्जतेचा तो केवळ परिणाम आहे.