नोकरी सांभाळून शिकणारा महाराष्ट्र

1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झालं. ते चालवणारी पीपल्स एज्युकेशन सोसायटी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केली होती ती आदल्याच वर्षी. या महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत. इथे येणारा विद्यार्थी दिवसा कुठे ना कुठे नोकरी करणार, त्याच्या पगारावर घर चालणार, हे आधीच धरलेलं होतं. म्हणून विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो ते आधी पाहिलं गेलं आणि मग वेळापत्रक आखलं गेलं. नोकरदारांच्या प्रगतीसाठी महाराष्ट्रात जे भरीव काम झालं, ते बहुतेक वेळा असंच घड्याळापासून सुरू झालं आहे.

आज करिअरचा सल्ला चहूबाजूंनी मिळतो. नवी कौशल्यं शिका, स्वतःला अपडेट ठेवा, पहाटे उठा, ओळखी वाढवा. यातलं काहीच चुकीचं नाही. पण हा सगळा सल्ला एकट्या माणसाला उद्देशून असतो. सकाळी 7 ला डोंबिवलीहून गाडी पकडून रात्री 9 ला घरी परतणाऱ्याने नेमकं कधी शिकायचं, आणि शिकल्यावर त्याची कदर कोण करणार, हे दोन प्रश्न हा सल्ला सोडून देतो. मला हेच दोन प्रश्न मोठे वाटतात.

जोतीराव फुल्यांनी 1855 मध्ये पुण्यात शेतकऱ्यांसाठी आणि मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबणाऱ्यांना दिवसा शाळेत बोलावून उपयोग नव्हता. 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि ज्यांचं शिकायचं वय सरलं असं मानलं जाई, त्या प्रौढ स्त्रियांसाठी तिथे वर्ग निघाले. पुढे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत 'कमवा आणि शिका' ही रीतच रुजवली. श्रम करून शिकणं म्हणजे नाइलाज, ही समजूत त्यांनी मोडून काढली. आजही साताऱ्याकडचा एखादा निवृत्त मुख्याध्यापक 'आम्ही कमवा आणि शिकातले' असं अभिमानाने सांगतो.

मात्र या सगळ्यांत मला सर्वात जवळचं वाटतं ते नारायण मल्हार जोशींचं काम. 1911 मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणी कामगारांच्या वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालयं, फिरती ग्रंथालयं असं तिचं काम होतं. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुष कामगारांचा दिवस 12 तासांवर आणला होता. आणला, म्हणजे त्याआधी तो त्याहून लांब असे. 12 तास साच्यापुढे उभा राहिलेला माणूस रात्री पाटी घेऊन बसेल तरी कसा? जोशी पुढे कामगार संघटनेकडे वळले. 1919 मध्ये वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी होते आणि 1920 मध्ये आयटक ही अखिल भारतीय कामगार संघटना उभी करण्यातही त्यांचा वाटा होता. 1922 च्या कायद्याने कामाचा आठवडा 60 तासांवर आला, 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत 54 वर आणि 1946 च्या दुरुस्तीने 48 वर. आपण शिक्षणाचा इतिहास एका कपाटात ठेवतो आणि कामगार चळवळीचा दुसऱ्या. जोशींच्या आयुष्यात मात्र ही दोन कामं एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. तास कमी झाल्याशिवाय रात्रशाळा भरणार नव्हती.

दुसरा प्रश्न कदर करण्याचा. त्याचं उत्तर बँकांकडे चांगलं सापडतं. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स ही संस्था मुंबईत 1928 पासून आहे, तिच्या नावात पुढे 'फायनान्स'ही आलं. तिच्या जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या परीक्षा बँकेत नोकरी करतानाच द्यायच्या असतात. पास झालं की पगारात जादा वेतनवाढी मिळतात आणि बढतीच्या वेळीही या परीक्षा धरल्या जातात. त्यामुळे काउंटरवर दिवस काढून घरी आलेला कारकूनही पुस्तक उघडायचा. त्याला प्रेरणेवरच्या भाषणांची गरज नव्हती. कष्ट कुठे जमा होणार हे त्याला ठाऊक होतं. अशा शिड्या इतरत्रही आहेत. बंदोबस्ताच्या मधल्या वेळात उपनिरीक्षकपदाच्या खात्यांतर्गत परीक्षेचा अभ्यास करणारे हवालदार आहेत. नोकरीत असताना पोस्ट बेसिक बीएस्सी पूर्ण करणाऱ्या परिचारिका आहेत. पर्यवेक्षिकेच्या जागेवर नजर ठेवून पदवी घेणाऱ्या अंगणवाडी सेविका आहेत. यांच्या कहाण्या व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांत फारशा येत नाहीत. यायला हव्यात.

शिडी काढून घेतली तर काय होतं, तेही पाहायला हवं. पिंपरी-चिंचवड, नाशिकचं सातपूर, तेव्हाच्या औरंगाबादचं वाळूज या औद्योगिक पट्ट्यांत डिप्लोमा करून लागलेल्या तरुणांसाठी एएमआयई ही मोठी आशा होती. 1920 मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सची ही परीक्षा. कॉलेजात पाऊल न टाकता, पाळ्या सांभाळून ती द्यायची, आणि पास झालं की अभियांत्रिकी पदवीच्या बरोबरीने ती धरली जाई. 'साहेब, परीक्षेपुरती पहिली पाळी द्या,' ही विनंती शॉपफ्लोअरवर कितीतरी सुपरवायझरांनी ऐकली असेल. 31 मे 2013 नंतर नाव नोंदवणाऱ्यांसाठी ही समकक्षता राहिली नाही. दर्जाच्या काही शंका खऱ्याही असतील, पण तिच्या तोडीची दुसरी वाट तेव्हाच खुली झाली नाही. तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत अभियांत्रिकीचे वर्ग चालवायला परवानगी दिली ती 2023-24 च्या सुमाराला. मधल्या दहा वर्षांत ज्यांचं 'ज्युनिअर' पद तसंच राहिलं, त्यांना जिद्द कमी पडली असं म्हणणं अन्यायाचं होईल.

मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण 1971 मध्येच सुरू केलं होतं. पण राज्यभर दार उघडलं ते 1989 मध्ये, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघालं तेव्हा. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे बोधवाक्य. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी अभ्यासक्रम, गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रं, रविवारी संपर्कसत्रं, मराठीत लिहिलेली स्वयंअध्ययनाची पुस्तकं. एसटीचा वाहक, ग्रामपंचायतीचा शिपाई, लग्नामुळे दहावीनंतर थांबलेली गृहिणी, तुरुंगातला कैदी, सगळे त्या पुस्तकांच्या आधाराने पदवीपर्यंत पोहोचले. 'मुक्त'ची पदवी म्हटलं की अजूनही काहींच्या बोलण्यात एक सूर येतो. मला तो सूर मान्य नाही. दिवसभर काम करून, मुलं झोपल्यावर कंदिलाजवळ किंवा ट्यूबलाइटखाली वाचून मिळवलेल्या पदवीमागचे कष्ट, वडिलांच्या पैशावर तीन वर्षं कॉलेजात काढून मिळवलेल्या पदवीपेक्षा कमी असतील कसे? उणीव आहे ती सातत्याच्या मार्गदर्शनात. चांगलं अभ्यासकेंद्र आणि मन लावून शिकवणारा समुपदेशक मिळाला तर विद्यार्थी तरतो, नाहीतर नुसती परीक्षा देऊन मोकळा होतो.

2001 मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन (एमकेसीएल) स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम आला. सरकारी नोकरीसाठी संगणकाची ओळख आवश्यक झाल्यावर पन्नाशीतले कारकून आणि शिक्षक नातवांच्या वयाच्या मुलांशेजारी बसून माऊस धरायला शिकले. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नाही हे सगळ्यांनी एकाच वेळी पाहिलं, हा त्या अभ्यासक्रमाचा सर्वात मोठा गुण होता.

या आढाव्यात दोन जखमाही याव्यात. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यातले हजारो पुन्हा कामावर परतलेच नाहीत. वीस वर्षं साचा चालवलेल्या विणकराच्या हातात कसब होतं, पण ते सांगणारा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. गिरणीबाहेर त्याची गणना अकुशलात झाली. कोणी वॉचमन झाला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी कोकणात परतला. दुसरी जखम 2000-01 मधली. सरकारी बँकांच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत देशभर सुमारे 1 लाख कर्मचारी बाहेर पडले. हातात रक्कम होती, पण आपलं काम बँकेबाहेर कोणाला उपयोगी पडेल, याचा विचार करण्याची वेळ अनेकांवर पहिल्यांदाच आली. आपल्या मालकाबाहेर आपल्या कामाला कोण ओळखतं, हे प्रत्येक नोकरदाराने दर दोन-तीन वर्षांनी तपासून पाहावं, असं मला या दोन घटनांवरून वाटतं.

आता हिंजवडी, खराडी, ऐरोलीतल्या आयटी नोकरदारांकडे येऊ. ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठांपैकी एनपीटीईएल 2003 पासून आहे, स्वयम 2017 पासून. आयआयटीतल्या प्राध्यापकांची व्याख्यानं घरबसल्या फुकट ऐकता येतात. त्याआधी हे स्वप्नातही नव्हतं. तरीही जगभरातला अनुभव असा, की असे अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांतले बहुतेक ते पूर्ण करत नाहीत. लोक याला आळस म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. सोबत कोणी नाही, विचारायला शिक्षक नाही, आणि दोन तास वाहतुकीत घालवून आलेला माणूस रात्री 10 ला पुन्हा पडद्यापुढे बसतो. सिद्धार्थचा विद्यार्थी सकाळी वर्गात शिरायचा तेव्हा त्याच्यासारखेच पन्नास जण तिथे असायचे. त्या पन्नास जणांचं मोल आपण फार कमी लेखलं.

स्त्रियांच्या बाबतीत तर प्रश्न सरळ मिनिटांचाच आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2019 च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी 299 मिनिटं त्या बिनपगारी कामात जात होती, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. हा फरक जवळजवळ साडेतीन तासांचा आहे. एखाद्या घरातली सून बढतीच्या परीक्षेला बसणार असेल तर तिला शुभेच्छा देण्याआधी घरच्यांनी संध्याकाळचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास आपल्याकडे घ्यावा. तिच्या करिअरसाठी त्याहून उपयोगी सल्ला माझ्याकडे नाही.

वेळ देणं ही मालकाची आणि सरकारचीही जबाबदारी आहे, हे जगाने कधीच मान्य केलं आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1974 चा करार क्रमांक 140 भरपगारी शैक्षणिक रजेविषयीच आहे. भारताने तो स्वीकारलेला नाही. जर्मनीच्या बहुतेक राज्यांत अशी रजा कायद्याने मिळते, वर्षाला साधारण 5 दिवस. स्टुटगार्ट ज्या राज्यात आहे तिथे 2015 पासून. पुण्याच्या वाहन उद्योगातून तिकडे गेलेले मराठी अभियंते ती हक्काने घेऊ शकतात, इकडे राहिलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र शिकायला स्वतःची सुट्टी खर्चावी लागते. सिंगापूरने स्किल्सफ्युचर योजनेत 25 वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक नागरिकाच्या नावे शिक्षणासाठी 500 सिंगापूर डॉलर ठेवले आणि 2024 मध्ये चाळिशी ओलांडलेल्यांना आणखी 4,000 दिले. आपल्याकडे सरकारी सेवेत अध्ययन रजेची तरतूद आहे, खासगी नोकरीत ती कंपनीच्या मर्जीवर.

म्हणून वार्षिक अप्रेझलला बसणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. पगारवाढ मागताना वेळही मागा, आणि तो लेखी मागा. महिन्यातले दोन शुक्रवार दुपारनंतर मोकळे, परीक्षेआधी आठ दिवस पाळी न बदलणं, असं नेमकं मागा. कंपनी कोर्सचे पैसे भरणार असेल तर त्यासोबतचा बाँड किती वर्षांचा आहे आणि मध्येच सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागेल, ते सही करण्याआधी वाचा. अभ्यासक्रम निवडताना जाहिरातीतले पगाराचे आकडे बाजूला ठेवा. तुम्हाला हव्या त्या पदावर आज असलेल्या तीन माणसांना विचारा, की हे प्रमाणपत्र त्यांच्याकडे कोणी मोजतं का. पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन असेल तर त्या वर्षासाठी यूजीसीची मान्यता आहे का, हे खात्री करून घ्या. आणि एकट्याने शिकू नका. कार्यालयातले चार जण मिळून शनिवारी सकाळी दोन तास बसलात तरी पुष्कळ होतं. जागा नसेल तर जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा. महाराष्ट्रात हजारो अनुदानित वाचनालयं आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांचे हॉल सकाळी रिकामे असतात.